जीआरई व्हर्बल: पॅसेज पूर्ण कळला तरी चारपैकी तीन उत्तरं चुकली, नेमकं कुठे चुकतंय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा वाईचा, मेकॅनिकल झालंय, सध्या पुण्यात नोकरी करतोय आणि पुढच्या फॉलला एमएससाठी अप्लाय करायचंय. त्यासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेला सहा आठवडे उरलेत. क्वांटचं (गणिताचं) टेन्शन नाही, मॉकला म्हणजे सराव परीक्षेला १६६ पर्यंत येतात, पण व्हर्बल (इंग्रजी) १४८-१४९ च्या वर सरकतच नाही. शब्द रोज पाठ करतोय त्यामुळे रिकाम्या जागांचे प्रश्न बरे यायला लागलेत, आरसीत, म्हणजे पॅसेज वाचून उत्तरं द्यायच्या प्रश्नांत, मात्र मार खातोय. आणि जास्त त्रास याचा होतो की पॅसेज कळला नाही असं नसतंच, कळतो, आवडतो पण, आणि तरी उत्तरं चुकतात.

कालचंच सांगतो. पॅसेज डायनासोर कशाने गेले यावर होता, आणि त्यात चक्क आमच्या वाईचं नाव! दख्खनच्या लाव्हाच्या थरांच्या एका गटाला भूशास्त्रात वाई सबग्रुप म्हणतात हे मला पहिल्यांदाच कळलं. लहानपणापासून पसरणी घाटातून एसटीने पाचगणीला जाताना खिडकीतून ते काळे थर बघत आलोय, म्हटलं हा तर आपलाच पॅसेज.

माझ्या शब्दांत सारांश देतो. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांबरोबर मांडलं की डायनासोर गेले त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम (पृथ्वीवर दुर्मीळ, पण लघुग्रहांत जास्त असलेला धातू) खूप जास्त आहे, म्हणजे बाहेरून लघुग्रह आदळला असणार. १९९१ मध्ये मेक्सिकोतलं युकातानचं चिक्शुलूब विवर त्याच्याशी जोडलं गेलं. पण साधारण त्याच काळात, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पश्चिम भारतात दख्खनचे ज्वालामुखी लाव्हा ओकत होते, म्हणून काही जण दोष त्यांना देतात. पुढे वय मोजायच्या पद्धती सुधारल्या आणि दिसलं की उद्रेक टक्करीच्या आधीच सुरू झालेले. मग एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं टाकतो: 'ऑल्दो द इरप्शन्स क्लिअरली बिगॅन बिफोर द इम्पॅक्ट, धिस ऑर्डरिंग अलोन टेल्स अस लिटल अबाउट देअर रोल.' त्यानंतर २०१९ च्या दोन टीम. एकीने लाव्हाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या झिरकॉन या खनिजावर वय मोजायची युरेनियम-लेड पद्धत वापरली, तिला दिसलं की लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांत आला आणि त्यातला एक टक्करीच्या जरासाच आधी. दुसरीने लाव्हावरच आर्गॉनची पद्धत वापरली, तिच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा टक्करीनंतर आला. शेवटी लेखक म्हणतो की हवामान बदलणारे वायू लाव्हाच्याच प्रमाणात आणि त्याच वेळी बाहेर पडले असंही धरून चालता येत नाही.

आता प्रश्न.

पहिला, पॅसेजचा मुख्य उद्देश काय. मी निवडलं '१९८० पासूनच्या संशोधनाचा आढावा घेणं', उत्तर होतं 'एका पुराव्यावरून काढलेल्या निष्कर्षाची मर्यादा दाखवणं'.

दुसरा, लेखक कशाशी सहमत होईल. मी निवडलं 'टक्करीच्या आधीच ज्वालामुखींमुळे हवामान बदलायला लागलं होतं', उत्तर होतं 'उद्रेक कधी सुरू झाले एवढ्यावरून टक्करीआधी किती वायू हवेत गेले होते ते ठरत नाही'.

तिसरा, २०१९ च्या दोन टीमचा उल्लेख कशासाठी. मी निवडलं 'वय मोजायच्या पद्धती भरवशाच्या नाहीत हे दाखवायला', उत्तर होतं 'काळजीपूर्वक मोजूनही एक प्रश्न अजून खुला आहे हे दाखवायला'.

चौथा विवर कधी जोडलं गेलं त्याबद्दलचा साधा माहितीचा होता, तो बरोबर.

क्लासमध्ये सांगितलंय की पॅसेजची पहिली आणि शेवटची ओळ वाचा, मधलं चाळा, मग थेट प्रश्नांवर जा. इथे मी तर सगळा पॅसेज वाचला, दोनदा. प्लीज कोणीतरी सांगा की काय चुकतंय, आणि सहा आठवड्यांत सुधारेल का.

डोंगरवाट

सुधारेल मित्रा. मी दोन वर्षांपूर्वी १४९ वरून १५८ वर गेलो, आणि तुझी पोस्ट वाचताना माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं.

तुझा चौथा बरोबर आला आणि पहिले तीन गेले यातच सगळं आहे बघ. तू पॅसेज भूगोलाच्या पुस्तकासारखा वाचतोयस, कधी काय झालं, कोणी काय शोधलं. आपल्याला दहावी-बारावीपर्यंत तसंच वाचायची सवय लागलेली असते, कारण प्रश्न तसेच यायचे. इथे माहिती ही नुसती सामग्री असते, लेखकाला कोणाशी तरी वाद घालायचा असतो. पॅसेज वाचून झाला की स्वतःला एकच विचार, हा माणूस कोणाला 'थांब जरा' म्हणतोय? तुझ्या पॅसेजमध्ये तो अल्वारेझना म्हणत नाहीये, ज्वालामुखीवाल्यांनाही सरसकट म्हणत नाहीये. 'आधी सुरू झाले म्हणजे कारण तेच' अशी उडी जो मारतो त्याला म्हणतोय. हे पकडलंस की पहिला प्रश्न सुटलाच, आढाव्याचा ऑप्शन आपोआप गळतो, कारण आढावा तर ती उडी दाखवायला घेतलाय.

दुसऱ्यासाठी माझी एक सवय सांगतो. ऑप्शन वाचला की पॅसेजमधल्या ज्या ओळीवर तो उभा आहे तिथे बोट ठेवायचं. स्क्रीनवर अक्षरशः बोट ठेवायचो मी, मॉक देताना रूममेट बघत बसायचा. 'हवामान बदलायला लागलं होतं' हे कुठे आहे? शोध. लाव्हा आधी सुरू झाला असं आहे, वायूंचं धरून चालू नका असं आहे, हवामान प्रत्यक्षात बदललं असं कुठेच नाही. ती मधली पायरी तू टाकलीस. उद्रेक म्हणजे वायू, वायू म्हणजे हवामान बदल, तुझ्या डोक्यात ते इतकं पटकन जोडलं गेलं की पॅसेजनेच सांगितलं असं वाटलं. आणि लेखकाची शेवटची ओळ नेमकी त्याच पायरीबद्दल सावध करतेय!

दुसरं, वाईचं नाव बघून तू खूश झालास ना, तिथेच जरा सावध व्हायचं. ओळखीच्या विषयात आपण गाळलेल्या जागा स्वतःच भरतो. मला सगळ्यात जास्त चुका इंजिनांवरच्या आणि पुलांवरच्या पॅसेजमध्ये यायच्या, आणि सतराव्या शतकातल्या डच चित्रांवरचा पॅसेज आला की पैकीच्या पैकी, कारण तिथे स्वतःचं घालायला माझ्याकडे काही नव्हतंच.

ती पहिली-शेवटची ओळ वाचायची युक्ती इथे सोडून दे. जीआरईचे बहुतेक पॅसेज एकाच परिच्छेदाचे असतात आणि सगळा मुद्दा मधल्या 'पण' मध्ये असतो. तेच चाळून कसं चालेल.

काळापत्थर

मी भूशास्त्रात एमएस्सी केलंय, दख्खनच्या लाव्हावरच प्रोजेक्ट होता, त्यामुळे राहवलं नाही.

कृष्णाकाठ, तू निवडलेला दुसरा ऑप्शन प्रत्यक्षात बराचसा खरा आहे रे. टक्करीच्या दोन-तीन लाख वर्षं आधी तापमान वाढल्याच्या खुणा समुद्रतळाच्या गाळात मिळतात आणि बरेच जण त्याचा संबंध दख्खनशी जोडतात. म्हणजे तू मूर्खासारखं काहीतरी निवडलं नव्हतंस. पण प्रश्न विचारतोय 'या लेखकाने इथे जे लिहिलंय त्यावरून', आणि इथे ते लिहिलेलं नाही, त्यामुळे खरा असूनही ऑप्शन चुकीचा. मला हे पचायला फार वेळ लागला. मी स्वतः अशाच एका पॅसेजवर पाचपैकी दोन बरोबर आणले होते आणि चिडून पेपर सेट करणाऱ्याला विषय कळत नाही असं म्हणत होतो.

तिसऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो. 'दोन टीमची उत्तरं वेगळी आली म्हणजे पद्धतीत दोष' हे ऐकायला सरळ वाटतं. पण लेखक त्या पद्धतींबद्दल वाईट बोलतो का बघ. एकही वाकडा शब्द नाही. उलट त्याने आधी याच सुधारलेल्या पद्धतींचा निकाल मान्य केलाय, 'क्लिअरली बिगॅन' म्हणतोय, क्लिअरली! पद्धतींवर त्याचा भरवसा नसता तर सुरुवातीची वेळ स्पष्ट आहे असं तो कशाला म्हणाला असता? तेव्हा भरवशाच्या पद्धतींनीसुद्धा कोणत्या काळात किती लाव्हा आला यावर मतभेद राहिला, एवढंच त्याला म्हणायचंय. म्हणून एखादं उदाहरण कशाला दिलंय हे विचारलं की उदाहरणात डोकं घालू नकोस, त्याच्या आधीचं वाक्य वाच. इथे आधीचं वाक्य आहे 'नुसत्या क्रमावरून फारसं कळत नाही', आणि दोन टीम त्याला आधार म्हणून येतात.

बाकी वाई सबग्रुपमध्ये पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशा नावांची फॉर्मेशन (लाव्हाच्या थरांचे छोटे गट) येतात. पुढच्या वेळी घाट चढताना बघ, दोन थरांमध्ये मध्येच लालसर पट्टा दिसतो, तो म्हणजे एक लाव्हा थंड होऊन झिजला त्या मधल्या काळाची खूण.

अंगणातली जाई

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलं, आता मुलीच्या मुलीची तयारी घेते आहे म्हणून हे सगळं वाचत असते. कृष्णाकाठ, तुम्ही ते इंग्रजी वाक्य जसंच्या तसं टाकलंत ते फार बरं केलं, कारण माझ्या मते तुमची गाडी तिथेच रुळावरून घसरली.

मराठीत आपण 'जरी' म्हटलं की 'तरी' येणारच. 'जरी उद्रेक आधी सुरू झाले असले, तरी...' असं वाचलं की कान आपोआप 'तरी' ची वाट बघतो आणि महत्त्वाचं पुढे येणार हे वाचणाऱ्याला आधीच कळतं. इंग्रजीत 'ऑल्दो' येतो आणि त्याचा जोडीदार 'तरी' येतच नाही, नुसता एक स्वल्पविराम असतो. आपली मुलं 'ऑल्दो' च्या लगेच पुढचा भाग, म्हणजे लेखकाने फक्त मान्य केलेला भाग, मुख्य मुद्दा म्हणून धरतात आणि स्वल्पविरामानंतरचं पुसट होऊन जातं. मी वर्गात पोरांना त्या स्वल्पविरामाच्या जागी पेन्सिलने 'तरी' लिहायला लावायचे. गंमत वाटते पण फरक पडतो. संगणकावरच्या परीक्षेत पेन्सिल चालणार नाही, मनातल्या मनात म्हणा. 'डिस्पाइट', 'वाइल', 'ग्रांटेड', सगळ्यांना हेच लागू.

आणि आता त्याच वाक्यातला 'लिटल'. 'अ लिटल' म्हणजे थोडंफार काहीतरी आहे. नुसता 'लिटल' म्हणजे जवळजवळ काहीच नाही. 'टेल्स अस लिटल' म्हणजे 'थोडं सांगतो' नव्हे, 'फारसं काही सांगत नाही'. तुम्ही कसं वाचलं होतंत ते खरं खरं सांगा बरं. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' चं असंच. पाठ केलेल्या अवघड शब्दांपेक्षा या चिमुकल्या शब्दांनी माझ्या विद्यार्थ्यांचे गुण जास्त गेलेत. 'अलोन' पण बघा, 'नुसत्या क्रमावरून'. इतर पुराव्यांबरोबर तो क्रम उपयोगी असेलही, लेखक ते नाकारत नाही.

एक व्यायाम सांगते. रोज एकच लांब वाक्य घ्या आणि ते चांगल्या मराठीत उतरवा, शब्दाला शब्द नको, घरी आईला सांगाल तसं. वाक्य मराठीत अडखळलं तर समजायचं की इंग्रजीतही ते तुम्हाला पूर्ण कळलेलं नाही.

कृष्णाकाठ

मॅडम, खरं सांगतो, मी 'थोडं सांगतो' असंच वाचलं होतं. आत्ता परत वाचलं आणि पॅसेज उलटा फिरला! म्हणजे मला वाटत होतं की लेखक ज्वालामुखीच्या बाजूने हळूहळू सरकतोय, आणि म्हणून दुसऱ्या प्रश्नात ते निवडलं. दोन्ही चुका एकाच शब्दाच्या.

डोंगरवाट दादा, ते बोट ठेवायचं पटलं, पण वेळेचं काय? प्रत्येक ऑप्शनला शोधत बसलो तर अर्धे प्रश्न राहतील.

ठाणे लोकल

वेळेबद्दल मी पण तेच विचारणार होतो. मी कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) दिलीय, तिथे गेली काही वर्षं इंग्रजीच्या सेक्शनला ४० मिनिटं आणि २४ प्रश्न, त्यातले १६ आरसीचे, आणि चुकलं की एक मार्क कट. तिथे बोट ठेवत बसलो असतो तर चौथा पॅसेज बघायलाच मिळाला नसता. माझं मत, आधी दोन ऑप्शनपर्यंत झटकन या, 'ऑल', 'नेव्हर', 'ओन्ली' असे टोकाचे शब्द असलेले उडवा, मग विचार करा.

डोंगरवाट

@ठाणे लोकल, दोनपर्यंत झटकन यायचं हे बरोबर, बोट त्या उरलेल्या दोघांसाठीच ठेवायचं, पाचही ऑप्शनना नाही, हे मी लिहायला हवं होतं. पण टोकाचे शब्द दिसले की उडवायचे हे मला मान्य नाही. लेखकच टोकाचं बोलला असेल तर टोकाचा ऑप्शन बरोबर असतो. कृष्णाकाठच्या पॅसेजमध्ये 'क्लिअरली' लेखकाचाच आहे, मग 'उद्रेक आधी सुरू झाले यात लेखकाला शंका नाही' असा ऑप्शन आला तर तो बरोबरच, टोकाचा वाटतो म्हणून उडवलास तर गेला.

कृष्णाकाठ, जीआरईचं गणित कॅटपेक्षा वेगळं आहे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली, व्हर्बलचे दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. म्हणजे सरासरी प्रश्नाला दीड मिनिट, पण रिकाम्या जागांचे तू तेवढ्याहून लवकर करशील, तिथला वाचलेला वेळ आरसीला दे. नेगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अडलास तर काहीतरी टिक कर, मार्क करून ठेव, त्याच सेक्शनमध्ये परत येता येतं. पहिल्या सेक्शनवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिला घाईत नको. आणि ज्या प्रश्नांत एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात तिथे अर्धे मार्क मिळत नाहीत, तीन विधानं म्हणजे तीन वेगळे हो-नाही प्रश्न समजून सोडव.

सुरुवातीचे दोन आठवडे घड्याळ लावूच नकोस. दिवसाला दोनच पॅसेज, आणि उत्तर बघायच्या आधी प्रत्येक ऑप्शनपुढे एक ओळ लिही, का घेतला, का सोडला. 'योग्य वाटला' असं लिहायचं नाही. मग घड्याळ. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या दोन फुकट पॉवरप्रेप टेस्ट आहेत, त्या आत्ता उडवू नकोस, एक चौथ्या आठवड्यात आणि एक परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी.

काळापत्थर

लिहायच्या वहीला माझाही पाठिंबा. मी चुकांना नावं द्यायचो: 'बाहेरचं आणलं', 'पायरी गाळली', 'दुसऱ्याचं मत लेखकाच्या तोंडी घातलं', 'शब्द उलटा वाचला'. तीन आठवड्यांनी मोजलं तर निम्म्याहून जास्त पहिल्याच प्रकारच्या होत्या. तुझ्या कालच्या तिघांना नावं देऊन बघ.

कृष्णाकाठ

दिली. पहिला: माहिती धरली, वाद सोडला (हे नाव मी नवीन टाकलं). दुसरा: शब्द उलटा वाचला, वर बाहेरचं आणलं. तिसरा: आधीचं वाक्य बघितलंच नाही.

आज ऑफिसवरून आल्यावर घड्याळ न लावता एक नवीन पॅसेज केला. एका लेखिकेच्या पत्रांवरून तिच्या कादंबऱ्यांचा अर्थ लावावा की नाही यावर होता. विषय मला अजिबात आवडला नाही आणि चारपैकी तीन बरोबर आले! स्वल्पविरामाच्या जागी दोनदा 'तरी' म्हटलं, एकदा तर मोठ्याने. चुकलेला प्रश्न 'पुढीलपैकी कोणतं सोडून बाकी सगळं पॅसेजमध्ये आहे' असा होता. मी पॅसेजमध्ये असलेलंच शोधून टिक केलं, 'सोडून' शब्द डोक्यातून निसटला. याला काही उपाय?

अंगणातली जाई

छान झालं हो. या प्रकारात उत्तर शोधायलाच जाऊ नका. कच्च्या कागदावर पाच अक्षरं लिहा आणि जे जे पॅसेजमध्ये सापडेल त्याच्यावर काट मारत चला, काट न मारलेलं एक उरेल. डोक्यात 'सोडून' धरून ठेवावं लागत नाही, कागद धरून ठेवतो. माझ्या नातीला यानेच जमलं.

आणि त्या पत्रांच्या पॅसेजमधलं सगळ्यात लांब वाक्य उद्या मराठी करून इथे टाका, मी बघते.

कृष्णाकाठ

हो मॅडम, उद्या सकाळी ऑफिसला निघायच्या आधी टाकतो. सहा ओळींचं एक वाक्य आहे, मधे दोन डॅश आणि शेवटी 'नॉट अनलाइक', त्याच्यावर आत्ताच अडकलोय.

अंगणातली जाई

'नॉट अनलाइक' म्हणजे 'सारखंच, पण अगदी तंतोतंत नाही'. बाकीचं तुम्हीच करा.